लॅटिनो मतांनी निकाल फिरतो का? फिरतो, पण टीव्हीवर सांगतात तिथे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की २०२४ला ट्रम्प निवडून आल्यावर सगळीकडे वाचलं लॅटिनोंनी, म्हणजे मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको अशा स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांत मुळं असलेल्या अमेरिकनांनी, त्याला जिंकवलं, आणि त्याआधी वीस वर्षं वाचत होतो की लॅटिनो लोकसंख्या वाढतेय म्हणजे डेमोक्रॅट आता कायमचे सत्तेत, मग यातलं खरं काय आणि ही माणसं खरंच निकाल फिरवतात का.

आधी माझा चष्मा कुठला ते सांगून टाकतो. मूळचा सांगलीचा, स्टॅटिस्टिक्स शिकायला अमेरिकेत आलो आणि २००९पासून निवडणुकांच्या मतदार याद्यांवर काम करतोय, बहुतेक वेळ डेमोक्रॅटांच्या बाजूच्या फर्ममध्ये. नेवाडा, ॲरिझोना, दक्षिण टेक्सास. म्हणजे या विषयात ज्यांचे अंदाज सगळ्यात जास्त आपटले त्या जमातीतला मी आहे, तेवढं मीठ घालून वाचा.

सरळ हिशोबाला बसू. कुठल्याही गटाने निकाल फिरवला का हे बघायला मला चार आकडे लागतात. त्या राज्यात ते आहेत किती, त्यातले मतदानाला गेले किती, मागच्या वेळेपेक्षा सरकले किती, आणि शेवटी जिंकणाऱ्याचं मार्जिन किती होतं. चौथा आकडा लोक हमखास विसरतात आणि अर्धा खेळ तर त्याचाच असतो.

प्यू रिसर्च सेंटर निवडणुकीनंतर एक सर्व्हे काढतं, त्यात माणूस नुसता "मी मत दिलं" म्हणाला म्हणून धरत नाहीत, मतदार यादीत त्याची नोंद खरंच पडलीय का ते तपासतात. त्यांच्या हिशोबाने २०२०ला लॅटिनो मतदारांत बायडन ६१ टक्के आणि ट्रम्प ३६. २०२४ला हॅरिस ५१, ट्रम्प ४८. म्हणजे २५ पॉइंटची आघाडी ३वर आली, २२ पॉइंट हातचे गेले. देशात एकूण मतं पडली साडेपंधरा कोटीच्या आसपास, त्यात दहात एक लॅटिनो धरा, म्हणजे दीड कोटीच्या थोडं वर, त्यांचे २२ टक्के म्हणजे ३३-३४ लाखांचा फरक. आणि ट्रम्पचं देशभरातलं मार्जिन होतं साधारण २३ लाख. म्हणजे लॅटिनो लोकांनी २०२०सारखंच मतदान केलं असतं तर देशभरातल्या बेरजेत हॅरिस पुढे असती. इथपर्यंत टीव्हीवाले बरोबर आहेत.

पण अध्यक्ष देशभरातल्या बेरजेवर ठरत नाही ना इथे. राज्यवार ठरतो, आणि जवळपास सगळ्या राज्यांत ज्याला एक मत जास्त त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं. आता पेनसिल्व्हेनिया घ्या, जिथे सगळं अडलं होतं. तिथे मतदानाला पात्र लॅटिनो साधारण ६ लाख. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त गेले असं धरू, सव्वातीन लाख. २२ पॉइंट सरकले म्हणजे ७०-७२ हजारांचा फरक. ट्रम्पचं मार्जिन १ लाख २० हजार. पुरत नाही. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये लॅटिनो याहूनही कमी, तिथेही पुरत नाही. नेवाडात मात्र पुरतं, कारण तिथे लॅटिनो भरपूर आणि मार्जिन फक्त ४६ हजार, ॲरिझोनात पुरत नाही पण बरंच जवळ येतं. चला, दोन्ही राज्यं हॅरिसला देऊन टाकू, नेवाडाची ६ आणि ॲरिझोनाची ११ काढली तरी ट्रम्पच्या ३१२चे २९५ उरतात आणि लागतात २७०.

तर माझं उत्तर हे. लॅटिनो मतांनी ट्रम्पला २०२४ला देशभरातल्या बेरजेत आघाडी मिळवून दिली, अध्यक्षपद नाही. ते त्याला पेनसिल्व्हेनिया-मिशिगन-विस्कॉन्सिनच्या बाकीच्या मतदारांनी दिलं. हा माझा ठोकळ हिशोब आहे, २२च्या जागी १८ किंवा २५ घालून बघा, पेनसिल्व्हेनियाचं उत्तर बदलत नाही.

असं का होतं तर माणसं राहतात कुठे बघा. २०२४ला मतदानाला पात्र लॅटिनो होते ३ कोटी ६२ लाख. त्यातले ८५ लाख कॅलिफोर्नियात, ६५ लाख टेक्सासमध्ये, ३५ लाख फ्लोरिडात आणि २२ लाख न्यूयॉर्कमध्ये. निम्म्याहून जास्त इथेच संपले. आणि या चारपैकी एकाही राज्यात अध्यक्षपदाचा निकाल काय लागणार याची चिंता करत २०२४ला कुणी रात्र जागवली नाही. कॅलिफोर्नियात तुम्ही पाच लाख लॅटिनो इकडून तिकडे हलवा, काहीही होत नाही. वरून मतदानाला जायचं प्रमाणही कमी. सेन्ससच्या सर्व्हेत २०२०ला पात्र लॅटिनोंपैकी ५३.७ टक्क्यांनी मत दिलं, गोऱ्यांमध्ये तोच आकडा ७०.९. यात आळस वगैरे शोधू नका, पात्र लॅटिनोंत जवळपास तिसरा हिस्सा तिशीच्या आतला आहे आणि विशीतली पोरं कुठल्याही रंगाची असोत, मतदानाला कमीच जातात.

मग निकाल फिरतो कुठे? जिथे मार्जिन केसाएवढं तिथे. सगळ्यात गाजलेलं उदाहरण फ्लोरिडा २०००. बुश ५३७ मतांनी जिंकला, हे सगळ्यांना माहिती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायामीच्या लिटल हवानामधल्या एका घरात पहाटे बंदूकधारी केंद्रीय एजंट घुसले आणि एलियान गोन्झालेझ नावाच्या सहा वर्षांच्या पोराला उचलून नेलं, आई क्युबातून येताना समुद्रात बुडाली होती, बाप क्युबात, नातेवाईक मायामीत, आणि क्लिंटन सरकारने पोरगं बापाकडे परत पाठवायचं ठरवलेलं. क्युबन लोक भडकले. त्या मतदानाला त्यांनी नावच दिलं, वोतो कास्तिगो, शिक्षेचं मत. बुशसमोर उभा असलेला डेमोक्रॅट म्हणजे क्लिंटनचा उपाध्यक्ष अल गोर, त्या बिचाऱ्याने स्वतःच्या सरकारपेक्षा वेगळी भूमिका घेतली होती, कुणी ऐकून घेतलं नाही. ५३७ मतांच्या निवडणुकीत एका पोराच्या प्रकरणाने काही हजार क्युबन जास्त चिडून गेले असतील तर निकाल तिथेच ठरला असं म्हणायला वाव आहे.

वाव आहे म्हणतोय, कारण मार्जिन एवढं लहान झालं की सगळेच जण येऊन सांगतात "आमच्यामुळे". ॲरिझोना २०२०, बायडन १०,४५७ मतांनी जिंकला. लॅटिनो संघटना म्हणाल्या आम्ही जिंकवलं, नवाहो जमातीचे मूळ रहिवासी म्हणाले आम्ही, फिनिक्सच्या उपनगरातल्या, तिथला जुना सेनेटर जॉन मॅकेनला मानणाऱ्या रिपब्लिकन बायका म्हणाल्या आम्ही. सगळ्यांचं खरं आहे. दहा हजारांत कुणालाही काढा, बायडन हरतो. त्यामुळे "निर्णायक" हा शब्द मी कामात वापरतच नाही, क्लायंटला आवडतो म्हणून प्रेझेंटेशनमध्ये टाकावा लागतो तेवढाच.

संसदेच्या जागांवर मात्र परिणाम सरळ दिसतो, कारण मतदारसंघ लहान आणि लॅटिनो वस्ती दाट. २०२४ला कोलोरॅडोचा आठवा मतदारसंघ, डेन्व्हरच्या उत्तरेला, जवळपास ४० टक्के लॅटिनो, तिथे रिपब्लिकन गेब इव्हान्सने डेमोक्रॅट याडिरा काराव्हेओला साधारण २,४०० मतांनी पाडलं. कॅलिफोर्नियाच्या तेराव्यात, सेंट्रल व्हॅलीच्या शेतीपट्ट्यात, उलटं झालं, डेमोक्रॅट ॲडम ग्रे १८७ मतांनी आला. हाउसचा, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाचा, एकूण निकाल रिपब्लिकन २२० विरुद्ध डेमोक्रॅट २१५. अशा हाउसमध्ये एकेक जागा म्हणजे काय ते मी सांगायला नको. १८७ हा आकडा कॅलिफोर्नियात ऐकला की जुने लोक हसतात, का ते पुढे सांगतो.

आता खरा मुद्दा, सरकले म्हणजे नेमकं काय झालं. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण बहुतेक सगळे इथेच चुकतात.

एक्झिट पोलवर माझा विश्वास नाही, या गटासाठी तर अजिबात नाही. मतदान केंद्रं निवडताना राज्याचा एकूण अंदाज बरोबर यावा असं बघितलेलं असतं, लॅटिनो वस्त्यांचा नमुना बरोबर यावा म्हणून नाही. २००४ला बुशला ४४ टक्के लॅटिनो मतं मिळाली असं एक्झिट पोलने सांगितलं, त्यावर लेख लिहून झाले, मग तज्ज्ञांनी उकरून काढलं तेव्हा आकडा ४०च्या आसपास आला. २०२४लाही ट्रम्पचा लॅटिनो वाटा एका मोठ्या सर्व्हेत ४२-४३, एक्झिट पोलमध्ये ४६, प्यूकडे ४८. म्हणून आम्ही काय करतो, जिथे जवळपास सगळेच लॅटिनो आहेत अशा जागेचे खरे मोजलेले आकडे बघतो. अशी जागा म्हणजे टेक्सासची स्टार काउंटी, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. रिओ ग्रँड नदीच्या काठावर, पलीकडे मेक्सिको, लोकसंख्येत ९७ टक्के हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिनोच. १८९६पासून ही काउंटी दर वेळी अध्यक्षपदाला डेमोक्रॅटांसोबत, सव्वाशे वर्षांत एकदाही खंड नाही. २०२४ला पडली.

बातमीत आलं "ऐतिहासिक स्विंग". आकडे बघा पण.

२०१६, हिलरी क्लिंटन ९,२८९, ट्रम्प २,२२४.

२०२०, बायडन ९,१२३, ट्रम्प ८,२४७.

२०२४, हॅरिस ६,८६२, ट्रम्प ९,४८७.

पहिल्या दोन ओळी परत वाचा. टक्केवारीत बघितलं तर २०२०ला डेमोक्रॅटांची आघाडी ६० पॉइंटवरून ५वर आली, प्रलय वाटतो. पण डेमोक्रॅटांची मतं किती कमी झाली? १६६. फक्त १६६! आणि ट्रम्पची सहा हजारांनी वाढली. अदलाबदल झालीच नाही असं नाही, थोडे इकडचे तिकडे गेले असतील आणि त्यांची जागा नव्यांनी भरली असेल, पण मोठा भाग असा की जी माणसं कधी मतदानाला जातच नव्हती ती उठून गेली. पिढ्यानपिढ्या तिथे खरी निवडणूक म्हणजे डेमोक्रॅटांची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायची पक्षातली निवडणूक, शेरीफ कोण आणि काउंटीचा कारभार बघणारा काउंटी जज कोण तेवढंच, नोव्हेंबरला निकाल ठरलेला, जाऊन करायचं काय. मग कुणीतरी असा आला की ज्याच्यासाठी जावंसं वाटलं.

आणि २०२४मध्ये गोष्ट वेगळी. ट्रम्पची मतं वाढली १,२४०, हॅरिसची कमी झाली २,२६१. म्हणजे पक्ष बदलणारे आले, पण घरी बसणारेही आले. शेजारच्या हिडाल्गो काउंटीत, जिथे मॅकॲलन शहर आहे, तिथे बायडनला १ लाख २८ हजार होती, हॅरिसला १ लाख साडेचार हजार. ट्रम्प साडेनव्वद हजारांवरून १ लाख पावणेअकरा हजारांवर. बातमीत दोन्ही वर्षांना एकच शब्द, स्विंग. पण नवीन आलेला, पलटलेला आणि घरी बसलेला ही तीन वेगवेगळी माणसं आहेत आणि तिघांचं औषध वेगळं.

हे मला शहाणपणाने कळलेलं नाही, मार खाऊन कळलंय. २०२०ला मी ज्या फर्ममध्ये होतो तिथलं मॉडेल असं होतं, टेक्सासच्या मतदार यादीत वंश लिहिलेला नसतो, त्यामुळे आडनावावरून ओळखायचं, सेन्ससची स्पॅनिश आडनावांची यादी असते ती जुळवायची. आडनाव गार्सिया, राहतो स्टार काउंटीत, मागच्या दोन निवडणुकांत मत दिलेलं नाही, की मॉडेल म्हणणार हा डेमोक्रॅट असण्याची शक्यता भरपूर, फक्त उठवायला पाहिजे. कोविडमुळे आमच्या बाजूने दारोदार जाणं जवळपास बंद होतं, म्हणून या लोकांना फोन आणि मेसेज. मतदान कधी, कुठे, घरापासून किती लांब, सगळं. आम्ही अतिशय कार्यक्षमतेने हजारो लोकांना आठवण केली आणि त्यातले किती जाऊन ट्रम्पला मत देऊन आले देव जाणे. स्वतःच्या खर्चाने समोरच्याची माणसं बूथवर पोचवली. आपल्याकडे गावातल्या साध्या कार्यकर्त्यानेही ही चूक केली नसती, त्याला घर माहिती असतं.

आडनावांची गंमत निघालीच आहे तर सांगतो. माझा एक गोव्याचा मित्र ऑस्टिनला असतो, पणजीजवळचा, घरात कोकणी, आडनाव पोर्तुगीज वळणाचं. त्याला दर निवडणुकीला दोन्ही पक्षांकडून स्पॅनिशमध्ये पत्रकं येतात. एकदा तर दारात आलेली पोरगी त्याच्याशी धडाधड स्पॅनिश बोलायला लागली, हा इंग्लिशमध्ये सांगतोय मी इंडियन आहे, तर तिला वाटलं हा मेक्सिकोतल्या आदिवासींपैकी असणार, आणि ती अजूनच प्रेमाने बोलायला लागली. फिलिपिनो लोकांचं तर विचारूच नका, सांतोस, क्रूझ, रेयेस, सगळे आमच्या यादीत लॅटिनो.

तर २०२२ला मी म्हटलं यादी बाजूला ठेवू आणि दारात जाऊन उभं राहू. स्टार काउंटीतलं रोमा गाव, सप्टेंबर महिना, अंगाची लाही होत होती. जाळीच्या दाराआडून एक बाई आल्या, पन्नाशीच्या, म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन देखभाल करायचं काम, त्या भागात हे काम करणाऱ्या बायका खूप. थंड पाणी दिलं. माझं स्पॅनिश ऐकून त्यांनाच कंटाळा आला आणि इंग्लिशवर आल्या. आजोबांच्या स्वयंपाकघरात ग्वादालूपेच्या मरियमशेजारी केनेडीचा फोटो होता म्हणाल्या, आम्ही जन्मापासून डेमोक्रॅट. भाऊ वर पर्मियनच्या तेलपट्ट्यात विहिरींवर, दोन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. मुलगा बॉर्डर पट्रोलच्या परीक्षेला बसतोय, पगार चांगला, विमा चांगला, त्या भागात दुसरी तशी नोकरी नाही. बायडन २०२०च्या डिबेटमध्ये तेल उद्योगापासून दूर जायचं म्हणाला होता ते त्यांना जसंच्या तसं पाठ होतं. मी म्हटलं पण ट्रम्प स्थलांतरितांबद्दल काय काय बोलतो. तर त्यांनी मला उलट विचारलं, तू कुठला? भारतातला. कागदपत्रं करून आलास? हो. ग्रीन कार्डला किती वर्षं लागली?

म्हटलं अकरा.

"मग?" म्हणाल्या.

मला उत्तर सुचलं नाही. इथे लायनीत उभे असलेले आपले लोक वाचत असतील त्यांना तो "मग?" चांगला कळेल, मी त्यांच्याशी सहमत आहे असं नाही, पण नदी चालत ओलांडून आलेल्यांना हॉटेलात ठेवलंय अशा बातम्या रोज बघणारा माणूस, ज्याच्या घरातला कुणीतरी वीस वर्षं कागदांसाठी थांबलेला आहे, तो त्या बातम्यांत स्वतःला "स्थलांतरित" म्हणून बघत नाही. तिकडच्या कितीतरी घराण्यांचं तर म्हणणं की आम्ही सीमा ओलांडलीच नाही, मेक्सिको-अमेरिकेच्या १८४८च्या तहाने सीमाच आमच्या अंगावरून गेली. स्वतःला ते तेहानो म्हणवतात. त्यांना न्यूयॉर्कमधून कुणी येऊन "लॅटिनएक्स", म्हणजे स्त्री-पुरुष भेद नको म्हणून काढलेला नवा शब्द, म्हणालं की काय होत असेल विचार करा. प्यूच्या २०२०ला आलेल्या सर्व्हेत तो शब्द स्वतःसाठी वापरणारे हिस्पॅनिक ३ टक्के होते. आमच्या ऑफिसातल्या स्लाइडवर मात्र १०० टक्के.

मुळात "लॅटिनो मतदार" हा गट सरकारी फॉर्मवर जेवढा एकसंध आहे तेवढा जमिनीवर नाहीच. मायामीचा क्युबन, ज्याच्या घरात १९५९च्या कॅस्ट्रोच्या क्रांतीची जखम आजही ओली आहे, त्याला "समाजवाद" शब्द ऐकला की अंगावर काटा येतो. पोर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं बेट, तिथला माणूस तर जन्मानेच अमेरिकन नागरिक, १९१७पासून, त्याला व्हिसा-ग्रीन कार्ड हा विषयच नाही, फक्त बेटावर राहतो तोवर अध्यक्षाला मत देता येत नाही, विमानात बसून पेनसिल्व्हेनियाला आला की यादीत नाव घालता येतं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या ट्रम्पच्या सभेत एका कॉमेडियनने पोर्तो रिकोला समुद्रात तरंगणारा कचऱ्याचा ढीग म्हटलं, आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आनंदीआनंद, आता पेनसिल्व्हेनियातली रीडिंग आणि ॲलनटाउन ही पोर्तो रिकन वस्तीची शहरं हातात. आठ-नऊ दिवसांनी मतं मोजली तर तिथेही ट्रम्पची मतं २०२०पेक्षा वाढलेली. अपमान झाला हे लोकांना मान्यच होतं, पण अंडी आणि भाडं रोज डोळ्यासमोर.

नेवाडाचं तर मी दोन्ही टोकं बघितली. २०१०ला मी तिथे नवखा होतो, सेनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, निवडणूक, शेवटच्या सर्व्हेंत रिपब्लिकन शॅरन अँगल तीनेक पॉइंटने पुढे, आणि डेमोक्रॅट हॅरी रीड पावणेसहाने जिंकला. कारण काय, तर सर्व्हेवाले संध्याकाळी इंग्लिशमधून फोन करत होते आणि त्या वेळी कसिनोच्या किचनमधले, खोल्या आवरणारे लोक शिफ्टवर. ही माणसं सर्व्हेत नव्हतीच. पण कलिनरी युनियन या हॉटेल-कसिनो कामगारांच्या संघटनेच्या यादीत होती, आणि युनियनचे लोक कामावरून रजा काढून आठवडेच्या आठवडे दारं वाजवत होते, आपल्याच भाषेत, आपल्याच बरोबर काम करणाऱ्याच्या दारात. आणि २०२४ला त्याच लास व्हेगासमध्ये जून महिन्यात ट्रम्प उठून म्हणाला टिपवर टॅक्स नाही. एवढंच, एक वाक्य. वेट्रेसला, बारमनला त्याच दिवशी कळतं यात माझ्या खिशात किती. आमच्या बाजूचं धोरण चांगलं होतं हो, पण ते समजावून सांगायला चौदा पानं लागायची. २००४नंतर पहिल्यांदा नेवाडा रिपब्लिकनांकडे गेलं. त्याच मतपत्रिकेवर खाली सेनेटला डेमोक्रॅट जॅकी रोझन जिंकली. ॲरिझोनातही वर ट्रम्प आणि सेनेटला डेमोक्रॅट रुबेन गायेगो, दक्षिण टेक्सासच्या चौतिसाव्या मतदारसंघात वर ट्रम्प आणि हाउसला डेमोक्रॅट व्हिसेंटे गोन्झालेझ. एकगठ्ठा पक्ष बदलणारे असे एकाच कागदावर दोन पक्षांना मत देत नाहीत.

आता ते १८७. कॅलिफोर्नियात १९९४ला प्रोपोझिशन १८७ आलं, कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा-दवाखाने बंद करायचा, मतदारांनी थेट मत द्यायचा ठराव, रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सनने त्यावर स्वतःची निवडणूक लढवली आणि दोन्ही जिंकलं, ठरावाला जवळपास ५९ टक्के मतं. कोर्टाने नंतर तो अडवला. पण ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं ग्रीन कार्ड पडून होतं आणि नागरिकत्व घ्यायचा कंटाळा होता, ते घाबरून रांगा लावून नागरिक झाले, यादीत नाव घातलं आणि विल्सनच्या पक्षाला कॅलिफोर्निया त्यानंतर जवळपास विसरावंच लागलं. ॲरिझोनात २०१०ला एसबी १०७० नावाचा कायदा आला, पोलिसांनी संशयावरून कागद विचारायचे, त्यातून जी पोरं आंदोलनात उतरली तीच पुढे दारोदार जाणारी फौज झाली आणि २०१६ला फिनिक्सकडचा, स्थलांतरितांमागे हात धुऊन लागलेला शेरीफ आर्पायो निवडणूक हरून घरी गेला. सहा वर्षं लागली. राग आला त्याच वर्षी निकाल दिसत नाही, मधे नागरिकत्वाचे अर्ज, यादीतली नावं आणि अठरा पूर्ण होणारी पोरं असं सगळं भरायला वेळ जातो. म्हणून मी कुणी "स्थलांतरितांवरच्या या धाडींमुळे लॅटिनो परत डेमोक्रॅटांकडे येणार" म्हणालं की विचारतो, कुठल्या साली?

तरी २०२५चा नोव्हेंबर मलाही अपेक्षेपेक्षा लवकर वाटला. न्यू जर्सीची पॅसेइक काउंटी, पॅटरसन शहराची, भरपूर लॅटिनो, २०२४ला ट्रम्पने घेतली होती, एका वर्षात गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट मिकी शेरिलने आरामात परत घेतली. डिसेंबरमध्ये मायामीला जवळपास तीस वर्षांनी डेमोक्रॅट महापौर आली, आयलीन हिगिन्स. यात पलटलेले किती आणि ट्रम्पचं नाव कागदावर नाही म्हणून घरी बसलेले किती हे वेगळं काढल्याशिवाय मी तरी नाचणार नाही. २०२०ला जी नवी माणसं ट्रम्पसाठी उठली ती ट्रम्पसाठी उठली, पक्षासाठी उठली का हे अजून ठरायचंय.

आणि यावर आता बऱ्याच जागा लावलेल्या आहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये टेक्सासच्या रिपब्लिकनांनी जनगणनेनंतरचा दहा वर्षांचा मुहूर्त न बघता हाउसचे मतदारसंघ नव्याने आखले, पाच जागा जास्त मिळाव्यात म्हणून, आणि त्यातल्या काही जागांचा हिशोब थेट लॅटिनो मतं २०२४सारखीच पडतील या भरवशावर आहे. आमच्या २०२०च्या मॉडेलसारखंच आहे हे, फक्त बाजू बदललीय. तुम्हाला २०२६च्या नोव्हेंबरला लांबून बघायचं असेल तर चॅनेलवरचा नकाशा सोडा, स्टार आणि हिडाल्गो काउंटीचे आकडे उघडा आणि टक्केवारीचा कॉलम हाताने झाकून फक्त मतांचे दोन कॉलम बघा. अध्यक्षपदाची निवडणूक नसली की मतं सगळीकडेच कमी पडतात, तेव्हा तुलना २०२२शी करा, २०२४शी नको.